पोचल्यावर झाडा

घरी आलेल्या माणसाची सरबराई करणारे पुष्कळ असतील, पण आलेल्याला जाऊ न देण्याच्या कामात माझ्या थोरल्या मामांचा हात धरणारा अजून जन्माला यायचा आहे. मजा अशी की मामांनी उभी हयात दौंड स्टेशनात पॉइंटमन म्हणून काढली. ज्या माणसाने एवढ्या गाड्या हिरवी झेंडी दाखवून बिनतक्रार रवाना केल्या, त्याला निवृत्त होऊन निमोण्याला राहायला गेल्यावर दारातली एक एस्टी सोडवेना. पाहुण्याने पिशवी उचलली की मामांना त्याच्याशी बोलायची एखादी फार महत्त्वाची गोष्ट आठवे. ती संपली की चहा. चहा झाला की पाहुण्याची एक चप्पल सापडत नसे. आमच्या ख्रिस्ती देवळाच्या पाळकसाहेबांना त्या चपलेपायी एकदा मुक्काम करावा लागला, आणि सकाळी देवळात ते मामांच्या वहाणा घालूनच उपासनेला हजर झाले. चप्पल दुपारी धान्याच्या कणगीमागे निघाली. ती तिथे कशी गेली, हे मामांना काही केल्या सांगता आलं नाही.

एवढं करूनही माणूस गेलाच, तर मग मामांचा मोठा नियम सुरू होई. गेलेला माणूस आपल्या मुक्कामाला पोचेपर्यंत घरात केरसुणी हलवायची नाही. मी दौंडला रेल्वेच्या ऑफिसात कारकून होतो. रविवार त्यांच्याकडे काढून मी एस्टीत बसलो, की मामा ओट्यावर बसून माझा प्रवास करायला लागत. आता नदी ओलांडली असेल, आता स्टँडवर उतरला असेल, आता खोलीचं कुलूप काढत असेल, असं सगळं झाल्यावर आत मामीला हुकूम मिळे, झाडा आता. पाळकसाहेबांनी एकदा त्यांना गंभीरपणे समजावलं, की आपण ख्रिस्ती माणसं, आपल्याला असल्या समजुती शोभत नाहीत. मामा म्हणाले, "समजूत न्हाई वो पाळकसाहेब. माणसाची पावलं हायती घरात. त्यो वाटंवर, आन् आपुन हितं पुसायला घ्यायचं, बरं दिसतंय का?"  उत्तर मामीजवळ होतं. ती म्हणे, "माझ्या घरातला केर कवा काढायचा, ते एस्टी ठरिवती."

दुष्काळ सरला त्या साली अमेरिकेतल्या ख्रिस्ती मंडळीकडून सहा गोरी माणसं निमोण्याला आली. देवळाला लागून मुलांच्या रविवारच्या शाळेसाठी एक खोली बांधायची आणि परत जायचं, असा त्यांचा बेत. पाळकसाहेबांचं घर लहान, तेव्हा मामांनी सहाच्या सहा जण आपल्याकडे ओढून नेले. मी रजा काढून दुभाष्या झालो. त्यांच्यात मार्था नावाची एक पोरगी होती. नाव ऐकताच मामांनी ठरवून टाकलं की ही आपल्यातलीच, कारण त्यांच्या मावशीचं नाव मार्था होतं. मार्था विटा वाहून आली की मामीजवळ चुलीपुढे बसून भाकरी थापायचा प्रयत्न करी. तिची भाकरी कुठल्या देशाच्या नकाशासारखी झाली आहे यावर रोज वाद होई, आणि ती भाकरी मामा हट्टाने आपल्या ताटात घेत. निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं, हे मामांनी त्या सगळ्यांना शिकवलं. मार्थाही देवळाकडे निघाली की "मामा, येतो" म्हणे. तिने 'येते' म्हणायला हवं, असं मी सुचवलं, तर मामांनी मला गप्प बसवलं. येतंय ना, मग झालं, असं त्यांचं व्याकरण.

खोली उभी राहिली आणि मामांचं खाणं कमी झालं. एका संध्याकाळी त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, अमेरिकेला पोचायला किती वेळ लागतो. दोन दिवस तरी धरा, मी म्हणालो. मामीने आतून ऐकलं.

"दोन दिस केर न्हाई काढायचा?"

"न्हाई," मामा म्हणाले.

मामीने वाद न घालता सारवणासाठी शेण जमवायला घेतलं, तेव्हाच मी ओळखलं की तिचाही जीव त्या पोरीत अडकला आहे. निघायच्या आदल्या दिवशी तिने सगळं घर नव्याने सारवलं. दोन दिवस झाडायचं नाही, तर निदान सुरुवात तरी स्वच्छ असावी.

निघायच्या दिवशी सकाळी मामा दौंडपर्यंतची जीप ठरवायला गेले, आणि परत येऊन दारात उभेच राहिले. मार्थाने अंथरुणांच्या घड्या घातल्या होत्या, घर झाडलं होतं, आणि आता खराटा घेऊन अंगणाचा शेवटचा कोपरा काढत होती. ज्यांच्या घरी राहिलो त्यांचं घर होतं त्याहून स्वच्छ करून निघावं, असं तिच्या आईने तिला शिकवलं होतं. मामी गोठ्यात होती, तिला पत्ताच नव्हता. सहा माणसांचं एक पाऊल कुठे उरलं नव्हतं. मामा रागावले नाहीत. ओट्यावर बसले आणि म्हणाले, "पोरीनं सोताच पुसलं रं. आता कशाची येतीय ती."

मला फार वाईट वाटलं. मार्थाने विचारलं, मामांना काय झालं. मी जमेल तसं सांगितलं. तिने खराटा भिंतीला टेकवला, बूट काढले, गुरांच्या हौदापाशी जाऊन चिखलात दोन्ही पाय घोट्यापर्यंत बुडवले, आणि मामीच्या नव्या सारवलेल्या घरात सरळ चालत गेली. चुलीपर्यंत गेली, परत आली. तिच्या मागोमाग उरलेले पाचही जण. मामी गोठ्यातून धावत आली, तोंडाला पदर लावून बघत राहिली आणि शेवटी हसता हसता रडायला लागली. मामा तर आधीपासूनच रडत होते. जीपवाला हॉर्न वाजवत होता आणि त्या दिवशी कोणाची चप्पलसुद्धा हरवली नाही. मार्था मामांच्या पाया पडली, चिखलाच्या पायांनीच जीपमध्ये चढली आणि म्हणाली, "मामा, येतो."

घर दोन दिवस तसंच राहिलं. मग मामीने सारवलं, पण उंबऱ्याजवळचं एक पाऊल सोडून, भोवतीने. नाताळलासुद्धा भोवतीनेच. मार्था काही आली नाही. एवढ्या लांबून कोण येणार, असं मी एकदा बोलून गेलो, तर मामा म्हणाले, "न का येईना. 'येतो' म्हनली, ते बास हाय."

पुढे काही वर्षांनी मामा गेले. दफनाहून आम्ही घरी परतलो. घरभर माणसांची पावलं, माती, फुलांच्या पाकळ्या. कोणा नातलग बाईने सवयीने केरसुणी उचलली. मामीने ती तिच्या हातातून हलकेच काढून घेतली आणि दाराआड उभी केली.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "पोचू दे त्यान्ला."