खोटी गाडी, खरं बनियान

कुठल्याही कामाला वर्ष झालं की किस्से साठतात म्हणे. आमच्या शेडमध्ये वर्ष कशाला, पहिल्या महिन्यातच पोतं भरलं! कारण आमचं काम काय आहे ते सांगितलं की समोरचा आधी हसतो. आणि मला हसलेलं खपत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

लोणी देवकरच्या एमआयडीसीत आमची शेड. निरवांगीपासून इंदापूरपर्यंतच्या बावीस बायका. आधी कुणी ब्लाऊज शिवायची, कुणी ताडपत्री, कुणी शाळेचे गणवेश. आता आम्ही मिसाईलची गाडी शिवतो. मिसाईल सोडणारा तो अवजड ट्रक असतो ना, पाठीवर नळकांडी घेतलेला? हुबेहूब तसाच, पण कापडाचा. ब्लोअर लावला की दहा मिनिटांत उभा राहतो. लष्कराच्या तळावर तो ठेवायचा, म्हणजे शत्रूचं मिसाईल खऱ्या गाडीऐवजी आमच्या गाडीवर पडतं. खरी गाडी वाचते, तिच्यातली माणसं वाचतात. मी क्यू.सी.ला आहे. म्हणजे माल तपासायचा, यादीवर टिकमार्क करायचे आणि खाली सही ठोकायची.

आता सांगा, यात हसण्यासारखं काय आहे?

*

बारामतीला मावसबहिणीच्या लग्नात जेवायला बसले होते. शेजारी नवरदेवाकडचे एक पाहुणे. कुठं कामाला, काय कामाला, अशी चौकशी झाली. मी मोठ्या अभिमानानं सगळं समजावून सांगितलं. पाहुण्यांनी जिलेबी तोंडात टाकली आणि म्हणाले, "म्हंजे फुगं बनवता!"

मी मठ्ठ्याचा घोट घेतला. लग्नघर होतं.

"न्हाय, इचारायचं कारण, नातवाचा वाढदिवस हाय पुढच्या आयतवारी. ती पोरं वर चढून उड्या मारत्यात बगा, तसलं एखादं भाड्यानं मिळंल का?"

"मिळंल की," मी म्हटलं. "फक्त वरनं मिसाईल येतं, तेवढं तुमी सांभाळून घ्या!"

आईनं टेबलाखालून असा चिमटा काढला की दोन दिवस वळ होता. पाहुण्यांना मात्र कुणी चिमटा काढला नाही.

*

आम्हाला शिकवायला कंपनीनं एक रिटायर्ड सुभेदार आणले. कोऱ्हाळे बुद्रुकचे. नोकरीची सगळी वर्षं रडारजवळ काढलेली, आता ऊस बघतात. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर एक गोल काढला. "हा आपला तळ. पहिलं काम रडारचं. येणारं मिसाईल लांबून बघायचं. दुसरं, आपलं मिसाईल सोडून ते हवेतच फोडायचं. तिसरं, गाड्या एका जागी ठेवायच्या न्हाईत, पांगवायच्या, जाळीखाली झाकायच्या. आन् एवढं करून बी एखादं निसटलंच, तर?"

त्यांनी खडू आमच्याकडं रोखला.

"तर तुमी!" सुभेदार म्हणाले.

मागून आवाज आला, "म्हंजे बुजगावणं म्हणा की!"

ही शालनबाई. निरवांगीची, पन्नाशीची, आमची कटिंगची मुख्य. खडूची रेघ न मारता कापड कापते आणि बोलते पण तसंच, रेघ न मारता. शेडमध्ये ताडपत्र्या शिवायचे तेव्हापासून, म्हणजे तीन वर्षं टेंपररी. "दिवाळीला कायम करतो," असं मॅनेजर तिला म्हणाले होते. त्याला दोन दिवाळ्या उलटून गेल्या. लाडू तेवढे त्यांनी दोन्ही वेळेला खाल्ले!

सुभेदार मात्र चिडले नाहीत. म्हणाले, "बुजगावणं पाखरू हाकलतं, बाई. आपलं उलटं हाय. आपण पाखराला बोलवायचं. ये बाबा, मला खा, शेजारच्याला सोड."

शालनबाई हळूच म्हणाली, "ह्ये तर आईचं काम झालं."

त्या दिवसापासून शेडमध्ये कुणी 'फुगा' म्हटलं की शालनबाई कात्री घेऊन उठते.

*

काही मिसाईलं उष्णता बघून येतात. चालू इंजिन गरम असतं, म्हणून आमच्या कापडी बॉनेटच्या आतपण गरम होणारी चादर बसवतात. ती नीट गरम होते का, हे बघायला लाखमोलाचं मशीन आणलं होतं. ते नेमकं थंडीत बंद पडलं. मॅनेजर डोक्याला हात लावून बसले. मॅनेजर म्हणजे कायम पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि तोंडात एकच वाक्य, "प्रोसेस फॉलो करा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी शेड उघडली तर बॉनेटवर मांजर! नुसतं मांजर नाही, तीन पिल्लांसकट. रात्रभर चादर चालूच राहिली होती.

मॅनेजर ओरडले, "हाकला ते! डिफेन्सचा माल आहे!"

सुभेदार चष्मा पुसत म्हणाले, "सायेब, आमच्या युनिटला ड्रायव्हर गाडी लावून गेला की धा मिनिटात बॉनेटवर मांजर असायचं. ह्ये पास हाय. लिहा."

मी रिपोर्टमध्ये 'उष्णता चाचणी समाधानकारक' असं लिहिलं. कशानं चाचणी केली, तो रकाना मॅनेजरनी स्वतः भरला. 'इन हाऊस मेथड' लिहिलं! श्रेय घ्यायची वेळ आली की माणूस मांजरालापण सोडत नाही.

*

एकदा वारा किती सोसतो ते बघायला गाडी गेटबाहेर फुगवली. तेवढ्यात एक हवालदार मोटारसायकलवरून आले. रस्त्याकडेला एवढं मोठं धूड बघून थांबले. ड्रायव्हरच्या दारापाशी जाऊन म्हणाले, "ए, गाडी काढ हितनं!"

गाडी कशाला बोलतेय?

"काच खाली घे!" काच छापलेली होती. "लय माजलाय व्हय रं? कागद दाखव!" आणि त्यांनी टायरला लाथ घातली. टायर आत गेलं, परत बाहेर आलं, आणि हवालदार तीन पावलं मागं!

आम्ही बावीस जणी गेटच्या आत तोंडाला पदर लावून उभ्या.

शालनबाई पुढं झाली. "सायेब, फसला न्हवं तुमी? मग शत्रू बी फसंल. बरं वाटलं बगा."

आता माणसानं हसावं की नाही? ते आमच्यावरच तापले. "परमिशन हाय का असली खोटी गाडी करायची? कुणी फोटो काढलाय का? डिलीट करा!" खोट्या गाडीला खरा दम देऊन गेले.

*

आता मुख्य सांगते. आठवलं की अजून डोकं फिरतं.

लष्कराला दाखवायचा पहिला नग तयार झाला. आम्ही चार दिवस राबलो. शिलाई अशी की दोरा शोधून सापडायचा नाही. न्यायच्या दिवशी शालनबाईनं ओल्या फडक्यानं सगळी गाडी पुसली. तपासणीला एक तरणे कॅप्टन आले होते. त्यांनी ड्रोन उडवला, वरून फोटो काढले, बराच वेळ बघितले आणि म्हणाले, "बहुत सुंदर बनाया है. इसीलिए फेल."

फेल! सुंदर म्हणून फेल!

त्यांचं म्हणणं असं, की शत्रू आधी वरून फोटो काढतो आणि मग ठरवतो कुठं मारायचं. इतकी नवीकोरी गाडी बघितली की तो लगेच ओळखणार. ते समजुतीनं सांगून गेले. आमचे मॅनेजर मात्र कॅप्टनांची जीप गेटबाहेर पडेपर्यंत हात जोडून उभे होते आणि ती वळल्याबरोबर शालनबाईवर घसरले. "कोणी सांगितलं होतं पुसायला? अडाणी माणसं ठेवली की हेच होतं!"

पुसा म्हणून त्यांनीच सांगितलं होतं. मी माझ्या कानांनी ऐकलं होतं.

शालनबाईनं फडकं पिळून दोरीवर टाकलं. दुपारी डबा खाताना सुभेदारांना विचारलं, "खरी गाडी तितं कशी असती वो?"

"खरी? चिखलानं माखलेली. खाली तेलाचं डाग. आन् आरशाला बनियान वाळत घातलेलं. कितीबी वरडा, पोरं आयकत न्हाईत. कुठं जाऊन वाळवतील बिचारी?"

शालनबाई "हं" म्हणाली आणि भाकरी मोडली.

दुसरा नग लष्कराच्या ट्रायलला गेला तेव्हा त्यावर मापात चिखल होता, तेलाचे डाग होते, एक टायर जरासं बसकं होतं. हे सगळं कागदावर मंजूर. पेटी बंद करायच्या आधी मी यादी घेऊन तपासत होते. तर कापडी आरशाला एक बनियान टाचलेलं. खरं, घरचं, काखेत विरलेलं. शालनबाईच्या मालकाचं.

ती समोर उभी होती. मी तिच्याकडं बघितलं, तिनं माझ्याकडं. यादीत बनियान नव्हतं. मी सगळ्या रकान्यांत टिकमार्क केले आणि सही ठोकली.

चार दिवसांनी मॅनेजरनी पॅकिंगचे फोटो उघडले. मेमो निघाला: 'डिफेन्सच्या मालात परकी वस्तू.' शालनबाई घरी. दिवाळीला कायम राहिलं बाजूला, ट्रायलचा निकाल आला की कायमचीच घरी, असं मॅनेजर सगळ्यांसमोर बोलले.

आणि मी? मी गप्प बसले. दोन दिवस! लग्नात पाहुण्यांना टोमणा मारणारी मी, सही माझी असताना मान खाली घालून मशीनपाशी उभी होते. शालनबाईनं माझं नाव घेतलं नव्हतं. लाज वाटली हो. तिसऱ्या दिवशी केबिनमध्ये गेले आणि म्हटलं, "बनियान मी बघितलं होतं. टिक माझी आहे. मलाही मेमो द्या."

मॅनेजर म्हणाले, "तुम्ही ग्रॅज्युएट आहात. तुमची नजरचूक असेल."

"नजरचूक नाही. नजरेनं बघूनच केलंय!"

"जा, काम करा. प्रोसेस फॉलो करा!"

म्हणजे बघा, एकच गुन्हा. सातवी शिकलेलीनं केला तर मेमो, बी.ए. झालेलीनं केला तर नजरचूक!

*

ट्रायलची बातमी सुभेदारांना त्यांच्या जुन्या युनिटमधून फोनवर कळली. वाळूत चार गाड्या उभ्या केल्या होत्या. तीन डमी, तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या, आणि एक खरी. ड्रोननं फोटो काढले आणि पाच जणांना वेगवेगळं बसवून सांगितलं, यातली खरी ओळखा.

पाचही जणांनी आमच्या गाडीवर बोट ठेवलं. का? तर म्हणे आरशाला बनियान आहे!

"आन् खरी गाडी?" मी विचारलं.

सुभेदारांना हसू आवरेना. "ती पाचही जणांनी डमी म्हणून खोडली. मोठं साहेब येणार म्हणून पोरांनी सकाळीच धुऊन, पुसून, चकाचक केली हुती!"

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनी शेडमध्ये पेढे वाटले आणि भाषण केलं. "आमच्या डिझाईन टीमनं बारीकसारीक गोष्टींचा विचार केला..." कसली डिझाईन टीम! उरलेल्या एकवीस जणींतल्या एकीनंही पेढा खाल्ला नाही. सगळे पेढे एका कागदात गुंडाळले आणि संध्याकाळी वाट वाकडी करून निरवांगीला शालनबाईच्या घरी पोचते केले. तिनं पेढे ठेवून घेतले, आणि तिचे मालक उंबऱ्यातून विचारत होते, "ते सगळं झालं, पण माझं बनियान कदी येणार?"

*

मग ऑर्डर आली. सोबत मालाची यादी. मॅनेजर शेडच्या मधोमध उभे राहून वाचत होते. नग, मापं, चिखलाचा रंग, सगळं झालं. शेवटच्या ओळीवर अडखळले. परत वाचली. ओळ अशी होती: 'प्रत्येक गाडीसोबत बनियान, दोन. वापरलेली. नवीन चालणार नाहीत.'

नवीन मिळतात हो, बाजारात ढीग आहेत. वापरलेली कुठल्या दुकानात मिळणार? तिथंच खुर्ची घेऊन त्यांनी इकडं तिकडं फोन लावले. अर्ध्या तासानं माझ्याकडं बघून म्हणाले, "त्या शालनबाईंना बोलवा."

"मेमो?" मी विचारलं.

मेमो त्यांच्या खिशातच होता. माझ्यासमोर फाडला. दिवाळीची वाट न बघता कायमचं पत्र टाईप करायला सांगितलं.

शालनबाई दुपारी आली. पत्र घेतलं, माझ्याकडून वाचून घेतलं, नीट घडी करून कमरेला खोचलं. मग कात्री उचलून आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली.

मॅनेजर दोन पावलं पुढं आले. आवाज एकदम मऊ. "बाई, ते बनियानचं तेवढं बघा. वापरलेली पाहिजेत. आणि आजच सॅम्पल पाठवायचंय. कुठून सुरुवात करायची?"

शालनबाईनं त्या पांढऱ्या कडक शर्टाकडं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"त्यात काय एवढं, सायेब? तुमच्यापास्नंच करू. काढा!"