गाठ होल्डवर आहे

मैत्रिणींनो, आज सोनोग्राफीत माझ्या अंडाशयात पाण्याची गाठ निघाली.

घरी सांगितलं, तर सासूबाई म्हणाल्या, "काढून टाक की पिशवी. एक पोरगं झालंय, आता काय करायचीय?"

डॉक्टर मॅडम मात्र शांतपणे म्हणाल्या होत्या, "गाठ लहान आहे, साधी आहे. बहुतेक आपोआप विरेल. दोन पाळ्यांनंतर परत बघू. मधे अचानक जोरात कळ आली, तर लगेच या."

मी चाकणला कंपनीत क्वालिटीला आहे. नुसत्या शंकेवर आम्ही पार्ट भंगारात टाकत नाही, होल्डवर ठेवतो आणि परत तपासतो.

"आई, गाठ होल्डवर आहे," मी म्हणाले. "आणि पिशवीत तर काही निघालेलंच नाही."

लोखंडाच्या पार्टला दुसरी तपासणी मिळते. तुमच्या घरात बाईला मिळते का?