अण्णांनी विकायला काढलेली स्कूटर

आज पंपावर हातावर पेट्रोल उडालं आणि त्या वासासरशी मी यशवंतपूरच्या आमच्या अंगणात पोचले. नव्वदच्या दशकातली गोष्ट. लग्नाआधी मी स्वतःच्या पगारातून घेतलेली स्कूटर एकाएकी बंद पडली होती. "सुनेनं बसनं जावं ऑफिसला," असं म्हणून सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, संध्याकाळी गिऱ्हाईकही बोलावलं.

मी पदर खोचून बसले. प्लगची ठिणगी चांगली पडत होती, म्हणजे इंजिनात पेट्रोलच जात नव्हतं. कार्बुरेटर उघडला. त्यातलं बारीक भोक कचऱ्यानं बुजलं होतं. ते पेट्रोलनं धुऊन तोंडानं फुंकलं तेव्हा ओठ चुरचुरले.

शेजारच्या कानडी अक्का कुंपणावरून म्हणाल्या, "स्वल्प, जरा थांब गं, मेकॅनिकला बोलाव."

"सरी अक्का," मीही कानडीत 'बरं' म्हटलं, "पण आधी हा बसवून बघते."

गिऱ्हाईक दारात आलं आणि मी किक मारली. धडधडत निळा धूर अंगणभर पसरला.

"छान चालते की!" तो म्हणाला.

"चालते ना. म्हणूनच विकायची नाही." अण्णांच्या देखत मी ती फाटकाबाहेर काढली.

जेवताना अण्णा मला उद्धट म्हणाले. तेव्हा तो शब्द फार लागला होता. आता कुणी म्हटलं, तर मी खुशाल मान डोलावते.