पोटरीतलं पाणी

मुदतीचा ताप मला गणपती बसायच्या आधी आला आणि दसऱ्याच्या पुढे उतरला. तेव्हा मी बावीस-तेवीस वर्षांचा असेन. नक्की वय आमच्यात कोणी धरून ठेवत नसे. उठून बसलो तर मांडी घालता येईना, कारण मांड्याच उरल्या नव्हत्या. आई म्हणाली, देवाने परत दिला. मोठा भाऊ म्हणाला, दिला खरा, पण अर्धा दिला.

वाशिमला लागून आमचा भाजीपाल्याचा मळा होता. वांगी, मिरची, मेथी, कांदा. भाऊ पेरणी आणि बाजारभाव पाहायचा, मोट माझ्याकडे होती. ज्यांनी मोट पाहिली नाही त्यांना सांगतो. चामड्याची मोठी पिशवी विहिरीत सोडायची. बैल उतारावरून खाली हाकले की ती भरून वर येते आणि पाटात रिकामी होते. मग बैल उलट्या पावली वर आणायचे. त्या उताराला धाव म्हणतात. पाणी बैल ओढतात हे खरं, पण हाकणाऱ्याचे पाय दिवसभर त्यांच्यासंग खाली-वर होतात. वर येताना सगळा भार पोटरीवर. आणि आमच्या घरात मोट ज्याच्या हाती, त्याला विचारल्याशिवाय वाफ्यात काही लागत नसे. म्हणून मला मोट पाहिजे होती. दुसरं काही कारण नाही.

दिवाळीला भाऊ स्पष्ट बोलला. "गुढीपाडव्याले सालदाराचं साल बदलते. तवरीक तुह्याच्यानं सकाळपासून बैल सुटेपर्यंत मोट झाली त मोट तुही. नाई झाली त मी सालदार ठेवतो. तू मंग बायकोसंग पाटी घेऊन बस बजारात."

"होते का नाई ते पाहजो," मी म्हटलं.

"मी पाहतोच हावो. तूच पाह्य लेका, धोतर सरकून राह्यलं तुहं."

सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी. तोपर्यंत मोटेवर एक रोजदार गडी लावला होता. माझी बायको दाराआड होती. तिने सगळं ऐकलं. ती आता नाही. माघात गेली. तिच्याबद्दल लिही म्हणून नातीने ही वही आणून दिली, आणि मला पहिल्यांदा हेच आठवलं.

मी आखाड्यात जाऊ लागलो. मारुतीच्या मागे माती खोदलेली होती आणि एक वस्ताद होते. जाडजूड माणूस, पण मनाने चांगला. त्यांना एकच इलाज माहीत होता.

"ताप गेला ना?"

"गेला."

"मंग झालं त. जोर काढ, बैठका मार, मातीत लोळ. बाकी मारुतीले माहीत."

मला तेव्हा मोजदाद धड येत नव्हती, म्हणून मी चिंचोके घेऊन जायचो. एक बैठक झाली की एक चिंचोका या ढिगातून त्या ढिगात. घरी जाताना दुसरा ढीग कालच्यापेक्षा मोठा दिसला की मला बरं वाटायचं. खाण्याचं पाहाल तर आईने मला दूध आणि तांदळाच्या पेजेवर ठेवलं होतं. डाळ जड, भाकर जड, असं तिचं म्हणणं. तापातून उठलेल्या माणसाला तेव्हा सगळ्याच घरी असं ठेवत.

तापात आईने नजर लागू नये म्हणून माझ्या गुडघ्याखाली काळा दोरा बांधला होता. मी वाळत गेलो तसा तो घसरत घोट्यावर आला होता. आखाडा सुरू केल्यावर मी तो पुन्हा वर चढवला, पोटरीवर राहतो का पाहायला. आधी राहिना. मग राहू लागला. संक्रांतीच्या सुमाराला तो रुतू लागला. दोऱ्याच्या वर-खाली पोटरी फुगून आली होती. मला इतका आनंद झाला की मी धोतर खोचूनच गावात फिरायचो. आखाड्यात पाय पुढे करून दाखवला.

वस्ताद सगळ्यांना म्हणाले, "पाह्यना बे, पोटरी कशी चढली याची! तापातून उठला हा. आन तुमी धडधाकट असून बगळ्यावानी पाय घेऊन फिरता."

भावाला दाखवला. त्याने वाकून पाहिलं. "दिसते त खरी," म्हणाला. त्याच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे पुष्कळ झालं.

एकच गोष्ट मला समजत नव्हती. पाय जाड झाले, पण जोर येत नव्हता. विहिरीपासून घरी येताना मध्ये बसावं लागे. मी म्हटलं, नवं मांस आहे, मुरेल.

एक दिवस दुपारी मी मळ्यात लिंबाखाली पाय पसरून पडलो होतो. बायको वांगी तोडत होती. तोडता तोडता जवळ आली, बसली आणि माझ्या नळगुडीवर, म्हणजे नडगीवर, अंगठा रोवला.

"काय करून राह्यली?"

"थांबा ना." तिने अंगठा काढला. "आता पाहा."

"काय पाहू?"

"खड्डा."

खड्डा होता. अंगठा मावेल एवढा. मी पाहत राहिलो, तो काही भरेना.

"मंग?"

"मंग काय! मांस असतं त वर आलं असतं. हे पाणी हाय. पाय भरले नाई तुमचे, सुजले."

"तू काय वैद्य हायस?"

"रोज पाटीभर वांगे दाबतो आमी. ताजं दाबलं की बोटाले वर लोटते. शिळं असलं की बोट गेलं तिथंच खड्डा. तुमची पोटरी त्या शिळ्या वांग्यावानी झाली."

नवऱ्याला शिळं वांगं म्हणाली. मी तिला काय काय बोललो ते लिहीत नाही. ती उठून पाटी भरू लागली. भांडणात ती कधी आवाज चढवत नसे. कामाला लागायची. माणूस एकटाच ओरडत राहायचा.

हट्टाने मी आणखी काही दिवस आखाड्यात गेलो. एकदा बैठकेतून उठताना दोन्ही हात मातीत टेकले आणि उठताच येईना. लोकांनी धरून उभं केलं. चिंचोके तिथेच राहिले, मी आणायला गेलो नाही.

तिने बाजारपेठेतल्या एका वैद्याला भाजी देता देता विचारून घेतलं होतं. तो म्हणाला, मीठ बंद करा, पेज बंद करा, मुगाचं वरण द्या, बैठका सोडा, चालवा. आणि घेटुळीची भाजी द्या. घेटुळी म्हणजे बांधावर आपोआप येणारी वेल, आम्ही ती उपटून फेकायचो. अळणी घेटुळी कशी लागते ते ज्याने खाल्ली त्यालाच विचारा. आई बिथरली.

"माह्या लेकाले गवत चारतं का वं? बैल हाय का तो?"

"बैलाचंच काम करायचं हाय ना त्याहिले, आत्याबाई," ही म्हणाली. आईला हसू आलं आणि तिथे आईचा विरोध संपला.

मग मी माझी कसरत नवीन ठरवली. ती वैद्याने सांगितली नाही आणि वस्तादांनीही नाही, माझी मीच. मोटेसाठी पाय पाहिजेत तर मोटेच्याच वाटेवर चालावं. सकाळी रोजदार बैल घेऊन यायच्या आधी मी धावेवर जायचो. सरळ खाली, उलटा वर. बैल नाही, मोट नाही, नुसता मी. जिथे दम लागून बसलो, तिथे कडेला एक तुराटी, तुरीची वाळकी काडी, रोवायची. दुसऱ्या दिवशी त्या तुराटीच्या वर जाऊन बसायचं. कधी वर जायचो, कधी खालीच बसायचो. खाली बसलो तरी तुराटी रोवायची, लबाडी नाही. पुढे धाव एका दमात होऊ लागली तेव्हा खांद्यावर अर्धी घागर घेतली. मग भरलेली.

रोजदार हसायचा. "मालक, धावेवर तुरी पेरल्या का?"

"हो. उगवल्या की तुह्या घरी धाडतो."

"आन घागर कायले? बाया काय मेल्या का गावातल्या?"

असं तो बोलायचा, पण बैल हाकताना माझी एक तुराटी त्याने मोडू दिली नाही.

संध्याकाळी तिची तपासणी. मी चुलीजवळ पाय लांब करायचो, ती अंगठा रोवायची आणि चूल फुंकायला वळायची. फुंकून वळेपर्यंत खड्डा भरला तर मान हलवायची. नाही भरला तर म्हणायची, "आज चटणी खाल्ली कुठंतरी." खाल्लेली असायची. पहिले पहिले चूल पेटून भाकर थापून झाली तरी खड्डा तसाच असे. होळीपर्यंत दोन फुंकरात भरू लागला. काळा दोरा पुन्हा सैल झाला. आधी दोरा रुतला म्हणून नाचलो होतो, आता सैल झाला म्हणून खूश. लोकांना काय सांगणार? धोतर खाली सोडून फिरू लागलो.

पाडव्याच्या दोन-तीन दिवस आधी ती म्हणाली, "पोटरीत चांगलं झालं. पण घोट्यात आजूक हाय. संध्याकाळी जास्त येते."

"थोडंसं हाय."

"थोडंसंच हाय. दिवसभर मोट केली त थोडंसं राहनार नाई."

"गप."

ती चूल फुंकायला वळली.

पाडव्याला गुढी उभी करून मी मोट जुंपली. भाऊ विहिरीच्या काठावर येऊन बसला, तो उठलाच नाही. मिरचीचे वाफे झाले, वांग्याचे झाले. दुपारी बैल सोडले, खाल्लं, पुन्हा जुंपले. पाय भरून आले होते, पण मी तोंडावर दिसू दिलं नाही. दिवस कलला तेव्हा शेवटची मोट पाटात ओतली आणि बैल सोडले. भाऊ उठला, धोतर झटकलं.

"झाली बावा मोट. सालदार नाई ठेवत."

घरी आलो. आईने गाठी गळ्यात घातली. मी ओट्यावर बसलो, भाऊ समोर. तेवढ्यात दाराआडून आवाज आला.

"आत्याबाई, त्याहिले म्हणा, सालदार ठेवा."

आमच्याकडे सून भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावासमोर, तोंड उघडत नसे. पदर खाली ओढून भिंतीच्या कडेने जायचं, एवढंच. लग्नानंतर भावाने तिचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला असेल. भावाने खाली पाहिलं आणि तोही आईलाच म्हणाला, "आई, तिले विचार, काहून?"

"याहिच्या पायात आजूक पाणी हाय म्हणा. आजचा दिवस काढला. साल नाई निघनार."

"खोटं बोलते," मी ओरडलो.

ती बाहेर आली. तोंडावर पदर तसाच. माझ्यासमोर बसली आणि घोट्याच्या वर अंगठा रोवून काढला. मग आत निघून गेली. आम्ही तिघं तो खड्डा पाहत बसलो. भाऊ पाहत होता, आई पाहत होती, मीही पाहत होतो. तो भरेना.

"ठेवतो सालदार," भाऊ म्हणाला.

शेलूबाजाराकडचा एक गडी त्याने ठेवला. मी तिच्याशी वैशाख सरेपर्यंत बोललो नाही. चार माणसांत नवऱ्याचा पाय उघडा पाडायला नको होता, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. तिला तसं म्हटलं की ती म्हणायची, "एकांतात सांगतलं तवा गप म्हनलं तुमी." तरी मी माझं म्हणणं सोडलं नाही.

ते साल मी पाटी घेऊन तिच्या बाजूला बसलो. वाशिमचा बाजार, कधी केनवडचा. जाताना पाटी माझ्या डोक्यावर, हीच माझी कसरत झाली. ओळखीचे लोक थांबून विचारायचे, "काय पहिलवान, मेथी कशी दिली?" पहिल्यांदा अंगाची आग व्हायची. मग मीच आधी म्हणू लागलो, "घे ना, पहिलवानाची मेथी हाय, पोटरी चढते." मेथी खपायची. ती पदराआड हसायची. बोलणं तिथूनच पुन्हा सुरू झालं. आम्ही सहा-सात वर्षं एका घरात होतो, पण सगळ्यांच्या मध्ये. एवढ्या गप्पा त्या बाजाराच्या वाटेवरच पहिल्यांदा झाल्या. कोणतं गिऱ्हाईक भाव पाडतं, कोणती बाई जुडी उलगडून पाहते, तिच्या माहेरी काय चाललं आहे. मला हे काहीच माहीत नव्हतं.

सकाळची धाव मी सोडली नव्हती. तुराट्या रोवणं मात्र बंद केलं, गरज राहिली नाही. दिवाळीनंतर तिने पाय पाहणंही बंद केलं. माझं वरण मात्र अळणीच राहिलं.

पुढच्या पाडव्याला सालदार आपलं बिऱ्हाड घेऊन गेला. भावाने कुणाला काही विचारलं नाही. सकाळी चाबूक आणून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "वांग्याच्या जागी औंदा काय लावायचं, सांगजो." मी जुंपली. दुपारी बैल सोडले, पुन्हा जुंपले, दिवस बुडायला सोडले. ती त्या दिवशी एकटीच बाजाराला गेली होती. सण होता, भाजी हातोहात जाते. अंधार पडता पडता आली. पाटी उतरवली, हातपाय धुतले, माझ्याकडे पाहिलं. पायाकडे नाही, तोंडाकडे.

"मिरचीले पाणी झालं का?"

"झालं."

"कांद्याले?"

"तेही झालं."

"मंग बसा जेवाले," ती म्हणाली आणि माझ्या वरणात मीठ घातलं.