सरांच्या मागून

परवा विद्यापीठातून एक मुलगी माझ्याकडे आली. वेगवेगळ्या विषयांमधली स्त्री-पुरुष समानता असा तिचा अभ्यास. हातात छापील फॉर्म. आर्ट्स, सायन्स, कॉमर्स, आणि प्रत्येकापुढे एक चौकट. "आजी, तुमच्या काळात कुठे किती समानता होती? एक ते पाच मार्क द्या!"

मी म्हटलं, "बाई, मार्क नको, किस्से घे."

किस्से काही कुणी मुद्दाम जमवत नाही. माळ्यावर रिकामे डबे साठतात, तसे ते साठतात. एक काढायला जावं तर सगळे धडाधडा अंगावर येतात. त्या मुलीनं दोन ऐकले आणि पेनाचं टोपण लावून टाकलं. उरलेले तुम्ही ऐका.

*

एकोणीसशे साठनंतरची गोष्ट. आमचा नंदुरबार भाग तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. तालुक्याच्या गावी नवं कॉलेज निघालं. मुलं साडेतीनशे, मुली चार. तिघी आर्ट्सला, त्यात मी. चौथी सुमन, तापीकाठच्या प्रकाशा गावाजवळच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी. तिला फिजिक्स शिकायचं होतं, आणि पुढे शिकवायचंही होतं. हे ती पहिल्या दिवसापासून सगळ्यांना सांगत सुटली होती.

प्रिन्सिपॉल म्हणाले, "सायन्सच्या इमारतीत लेडीज रूम नाही. तुम्ही मराठी घ्या!"

सुमनचे वडील, तात्या, टोपी हातात घेऊन उभे होते. ती त्यांनी डोक्यावर घातली आणि म्हणाले, "साहेब, मन्ही आंडेर खोलीमा बसाले नही येई ऱ्हायनी, शिकाले येई ऱ्हायनी."

तात्यांच्या आंडेरला, म्हणजे मुलीला, प्रवेश मिळाला. पण लेडीज रूम राहिली ती आर्ट्सकडेच.

*

या लेडीज रूमचा एक नियम होता. मुलींनी एकटं वर्गात जायचं नाही. घंटा झाली की आम्ही आतच थांबायचं. सर व्हरांड्यातून जाताना दाराशी खाकरायचे. मग आम्ही उठायचं, पदर सारखा करायचा आणि खाली मान घालून सरांच्या मागून वर्गात शिरायचं. तास संपला की पुन्हा सरांच्या मागूनच बाहेर.

एकदा पावसामुळे इतिहासाचे सर मागच्या दारानं वर्गात गेले. आम्ही तिघी तासभर खाकरण्याची वाट बघत बसलो. सरांनी आमची गैरहजेरी मांडली. मी विचारायला गेले तर म्हणाले, "मी आलो होतो. तुम्हीच नव्हता!"

इंग्रजीच्या तासाला सुमनही आमच्याबरोबर सरांच्या मागून जायची, पण सायन्सच्या तासाला तिचे हाल वेगळेच. सायन्सचे सर आर्ट्सच्या व्हरांड्यातून कशाला येतील? मग शिपाई सुकलाल तिला पटांगण ओलांडून सायन्सच्या दारापर्यंत पोचवायचा, आणि तिथे ती सरांची वाट बघत उभी राहायची. चार वर्षं उभी राहिली.

*

मराठीचे सर फार सज्जन माणूस. शृंगारिक कविता आली की आदल्या दिवशीच सांगायचे, "उद्या मुली आल्या नाहीत तरी चालेल."

नेमका त्याच कवितेवर वीस मार्कांचा प्रश्न आला. मी कोरा सोडला. पेपर परत देताना सर हळहळले, "काव्य मुलींना जरा जडच जातं."

मला अजूनही त्या वीस मार्कांचा राग येतो. सज्जन माणसाचा राग धड व्यक्तही करता येत नाही!

*

पहिल्या वर्षी सुमनला बॉटनीही होतं. वर्ग तोरणमाळला वनस्पती गोळा करायला निघाला. सरांनी तिचं नाव खोडलं. "सातपुड्याची चढण आहे. बाईमाणसाला झेपायची नाही."

मुलं परत आली ती मजेत. सुमननं विचारलं, "वर सामान कसं नेलंत रे?"

एकजण म्हणाला, "सोपं होतं! दोन पावरा आदिवासी बायका मिळाल्या. वळकट्या, पेट्या, सगळं डोक्यावर घेऊन चढल्या. एकीच्या पाठीशी तर पोर होतं."

सुमननं सरांकडे बघितलं. सर वहीत पान चिकटवत होते.

*

आता फिजिक्सचा. स्पेक्ट्रोमीटरचा प्रयोग डार्करूममध्ये करायचा. अंधाऱ्या खोलीत मुलगा पार्टनर आणि मुलगी, छे छे! सरांनी तोडगा काढला. पार्टनर आत, सुमन दाराबाहेर स्टुलावर. तो आतून आकडे ओरडायचा, ही बाहेर लिहून गणित करायची. आकडा चुकला की हिला बाहेरूनच कळायचं. "परत बघ रे!" असा तिचा आवाज पार लायब्ररीपर्यंत यायचा.

बी.एस्सी.च्या परीक्षेत तिला पहिल्यांदा एकटीला आत सोडलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "हे यंत्र किती वेळा हाताळलंय?"

सुमन म्हणाली, "हाताळलं नाही सर. ऐकलंय!"

फिजिक्समध्ये ती कॉलेजात पहिली आली. प्रिन्सिपॉल स्टाफरूममध्ये म्हणाले, "यंदा पेपर सोपा होता वाटतं." आणि स्टाफरूम हसली म्हणे.

*

शेवटचा सांगते. हा मी त्या फॉर्मवाल्या मुलीला, तिनं पेन उघडं ठेवलं असतं तरी, सांगितला नसता.

बी.ए. होऊन मी कॉलेजच्याच लायब्ररीत लागले. सुमन लॅबमध्ये डेमॉन्स्ट्रेटर झाली. म्हणजे यंत्रं पुसायची, मांडायची, मुलांना दाखवायची. वर्गावर जायचं नाही. स्टाफरूम सगळी पुरुषांची, म्हणून आम्ही दोघी डबा खायला लेडीज रूममध्येच बसायचो.

दोन वर्षांनी फिजिक्सचे सर अर्ध्या वर्षात नोकरी सोडून गेले. जाहिरात दिली, कोणी येईना. शेवटी प्रिन्सिपॉलांनी सुमनला बोलावलं. "सोमवारपासून आठ दिवस पहिल्या वर्षाचा तास तुम्ही घ्या. जमलं तर जागेसाठी तुमचं नाव पुढे करतो. नाही जमलं तर परत लॅब. आणि मग बाईला वर्ग देण्याचा विषय पुन्हा कोणी काढायचा नाही!"

सुमननं तो तास मला लायब्ररीत चार दिवस रोज शिकवला. मला फिजिक्सचं ओ की ठो कळत नाही, पण त्या चार दिवसांत मला प्रकाश कळला. इतकं सुंदर शिकवायची ती. तात्यांनी गावात सगळ्यांना सांगून टाकलं, "मन्ही आंडेर आते मास्तरीण व्हयनी!"

सोमवार उजाडला. साडेदहालाच आम्ही दोघी लेडीज रूममध्ये. तिनं इस्त्रीची पांढरी साडी नेसलेली. सुकलालनं खडू, डस्टर आणि हजेरीपट आणून तिच्या हातात दिला.

अकराची घंटा झाली. सुमन उठली. तिनं पदर सारखा केला आणि दाराशी जाऊन उभी राहिली. मीही उठून तिच्या मागे उभी राहिले.

पाच मिनिटं गेली. पटांगणापलीकडून मुलांचा गोंधळ ऐकू यायला लागला. दहा मिनिटं झाली. मी व्हरांड्यात डोकावून बघितलं. टोकाला प्रिन्सिपॉल हातातल्या घड्याळाकडे बघत उभे होते. बाकी कोणी नव्हतं. "आज उशीरच झाला," मी म्हणाले. सुमननं मान हलवली.

तेवढ्यात सुकलाल धापा टाकत आला. "ताई, घंटी वाजीसन पंधरा मिनिटं व्हयनात! पोरं वर्गमा बठेल शेतस. तुमी आठे कोनी वाट देखी ऱ्हायनात?"

सुमननं हजेरीपट छातीशी धरला होता. ती म्हणाली, "सरांची. सर आले की जाऊ ना मागून."