शाली परत आणल्या

नवाबपुऱ्यातल्या त्या भाड्याच्या घरात अर्धी जागा वहिदाच्या हातमागानं अडवलेली. उरलेल्या जागेत ती, रिक्षा चालवणारा नवरा मुबारक आणि कॉलेजात जाणारी मुलगी लुबना. हिमरू विणणं तिला वडिलांनी शिकवलं, तेही नाइलाजानं. घरात मुलगा नव्हता आणि ही पोरगी मागापासून हलत नव्हती. सुती ताण्यावर रेशमी वेलबुट्टी उठवण्यातच तिची उमर गेली. अलीकडे तिच्या शाली युरोपातली एक कंपनी घ्यायची. मधला एजंट विश्वजीत, त्याचं ऑफिस क्रांती चौकात.

त्या कंपनीनं तिला तिकडच्या प्रदर्शनात बोलावलं, तेव्हा वहिदानं गल्लीत पेढे वाटले. लोकांसमोर बसून विणून दाखवायचं होतं. जाणं-येणं, राहणं, सगळं कंपनीकडं. तिनं पासपोर्ट काढला. जाड स्वेटरसाठी गुलमंडीतली दुकानं पालथी घातली. मग व्हिसासाठी मुंबई गाठली. तिथं काचेपलीकडच्या माणसानं विचारलं, घर स्वतःचं आहे का, जमीन आहे का, बँकेत काय आहे. हाताला काय येतं, हे काही त्यानं विचारलं नाही.

नकार आला. इंग्रजीतला तो कागद विश्वजीतनं समजावून सांगितला. वहिदा परत येईल याची त्या देशाला खात्री वाटत नव्हती.

वहिदाला आधी कळेचना. कळलं तेव्हा ती कडाडली.

"म्हंजी मी पळून जाईन? माझी पोरगी इथं, माग इथं, अम्मी-अब्बाच्या कबरी इथं. त्यांच्या थंडीत जाऊन मी काय भांडी घासत बसू?"

विश्वजीतनं समजूत काढली. नियम सगळ्यांनाच असतात, मनाला लावून घेऊ नका, शाली तर जाणारच आहेत. शिवाय कंपनीनं तोड काढली होती. मागावर बसलेल्या वहिदाचा माणसाएवढा फोटो पुठ्ठ्यावर चिकटवून तिथं उभा करायचा. हे त्यानं खूशखबर दिल्यासारखं सांगितलं.

ती घरी आली. दुसऱ्या दिवशी मुबारकच्या रिक्षातून पुन्हा त्या ऑफिसात गेली आणि पाठवण्यासाठी बांधून ठेवलेल्या शाली मागितल्या. पैसे तिनं अजून घेतले नव्हते, माल तिचाच होता. विश्वजीत आधी हसला, मग चिडला, शेवटी हात जोडू लागला. तिनं गठ्ठा उचलला.

पंधरवड्यानं कंपनीची बाई मार्था स्वतः नवाबपुऱ्यात येऊन बसली. वहिदानं चहा केला, बिस्किटं ठेवली. पाहुणी ती पाहुणीच. लुबना दोघींचं बोलणं इकडून तिकडं पोचवत होती. वहिदानं एवढंच विचारलं, की तुम्हाला इथला व्हिसा कसा मिळाला. मार्था ओशाळली. घरी बसून, फोनवर, म्हणाली. घर स्वतःचं आहे का, असं कुणी विचारलं होतं का? नाही. मग मार्थानं वहिदाचा हात धरला आणि सॉरी म्हणाली. सरकारपुढं आपलं काही चालत नाही.

वहिदानं हात सोडवून घेतला.

"सांग तिला, सरकार तुमचंच हाय. त्याला जाब तुम्ही विचारायचा. माझी शाल तिकडं गेलेली चालती, माझी तसबीर चालती, मीच तेवढी चालत नाय. मंग शाल बी जाणार नाय."

लुबना अडखळली. आईनं दटावलं, तेव्हा तिनं शब्द न् शब्द सांगितला.

मार्था रिकाम्या हातानं गेली. काम बंद झालं. चार महिन्यांनी विश्वजीतच्याच तोंडून कळलं, की कंपनीनं जुन्या शालीवरून वहिदाची वेलबुट्टी उचलली आणि दुसऱ्या कुठल्या तरी गरीब देशात मशीनवर काढून घेतली. तिथंही विणणाऱ्यांना कुणी बोलावलं नसणारच. मुबारक एकदा बोलून गेला, फोटो काढू दिला असता तर काय बिघडलं असतं. त्या दिवशी वहिदानं त्याला जेवायला वाढलं, पण बोलली नाही.

आता ती शहरातल्या लग्नघरांसाठी विणते. काम थोडं, घासाघीस फार. मुबारक रिक्षा जास्त वेळ चालवतो. गेल्या महिन्यात विश्वजीत दारात आला. नवं प्रदर्शन आहे, या खेपेला व्हिसासाठी कंपनी जोर लावेल, एक शाल तेवढी आगाऊ द्या, म्हणाला.

"व्हिसा आणा आधी," वहिदा म्हणाली, आणि तो उभा असतानाच पाठ फिरवून मागावर बसली.