रंगारीकाकांची देवाकडे पाठ

रंगारीकाकांनी देव सोडला, अशी गल्लीत कुजबुज होती. मी म्हणत नाही, लोक म्हणायचे. प्रार्थनाघरात सगळे समोर तोंड करून बसत आणि हे महाशय पाठ करून. "जे सुंदर नाही ते देवाचं नाही," हे त्यांचं तत्त्वज्ञान ऐकून काकूंचे कान किटले होते.

शेवटी प्रार्थनाघर सांभाळणाऱ्या आजोबांनी दम भरला, "देव हवा की सौंदर्य, एक काय ते ठरव. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

काकांचा चेहराच पडला. लहानपणापासून त्यांची एक प्रार्थना चुकली नव्हती.

"दोन्ही हवेत हो, आजोबा. पण समोर बघितलं की प्रार्थना घशातच अडकते."

"मग डोळे मीट!"

"मिटले तरी दिसतं."

"काय दिसतं?"

काकू मागून कडाडल्या, "सांगा की! माझ्या माहेरची अब्रू काढल्याशिवाय घास कुठे गोड लागतोय तुम्हाला!"

दुसऱ्या दिवशी काका सकाळीच शिडी आणि बादली घेऊन आले, दिवसभर आत खुडबुडले आणि संध्याकाळी सगळ्यांच्या पुढे, समोर तोंड करून बसले.

त्यांनी देव कधीच सोडला नव्हता. समोरची भिंत त्यांच्या मेव्हण्याने रंगवली होती आणि तिच्यावर रंगाचे ओघळ होते.